जमिनीची पकड : स्थितिक घर्षण समजून घेऊ या



नववी-दहावीच्या मुलांना घर्षण म्हणजे काय असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. ‘दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले असता गतीला होणारा विरोध.’ मराठीत घर्षण म्हणजे घासणे, आणि उर्दू माध्यमातली आपली मुले त्याला ‘रगड’ म्हणतात. दोन्ही शब्दांत घासणे आलेच. पण ज्या घर्षणावर आपले चालणे, गाडी चालवणे आणि गाडी थांबवणे अवलंबून आहे, त्यात काहीच घासत नाही. तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून स्थिर असतात. त्याचे नाव स्थितिक घर्षण. उर्दूत त्याला ‘सुकूनी रगड’ म्हणतात, आणि सुकून म्हणजे काय ते आपल्या घरांत सांगायला नको.

आधी घरातले उदाहरण घेऊ. धान्याने भरलेली, ४० किलो वजनाची लोखंडी पेटी फरशीवर आहे. तुम्ही ती ५ किलोच्या जोराने ढकलली, ती हलली नाही. १० किलोचा जोर लावला, तरी हलली नाही. याचा अर्थ फरशीने पहिल्या वेळी उलट्या दिशेने बरोबर ५ किलोचा जोर लावला आणि दुसऱ्या वेळी बरोबर १० किलोचा. स्थितिक घर्षणाची ही खास गोष्ट आहे. ते गरजेपुरतेच असते. तुम्ही ढकलत नसाल तेव्हा ते शून्य असते, आणि ढकलाल तसे तेवढेच वाढत जाते. मात्र त्याला मर्यादा आहे. समजा, ती २० किलो आहे. जोर २० च्या वर गेला की पेटी सुटते आणि सरकू लागते. एकदा सरकू लागली की ती सरकती ठेवायला आधीपेक्षा कमी जोर पुरतो. सरकताना लागणाऱ्या या घर्षणाला गतिक घर्षण म्हणतात आणि ते सहसा स्थितिक घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी असते.

असे का होते? कितीही गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखा असतो. दोन पृष्ठभाग खरोखर टेकतात ते काही उंचवट्यांवरच. त्या ठिकाणी दोन्हींचे कण एकमेकांना चिकटतात. वजन वाढले की उंचवटे दबतात, टेकलेली जागा वाढते आणि पकडही त्याच प्रमाणात वाढते. घर्षण वजनाच्या प्रमाणात असते हे फ्रान्सच्या गियोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडले. पुढे शार्ल कुलोम यांना असेही दिसले की वस्तू जितका वेळ एका जागी पडून राहील तितकी ती हलवायला जास्त जोर लागतो. वर्षभर न हललेले कपाट सरकवणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायची गरज नाही.

आता चालण्याकडे येऊ. पाऊल टेकते तेव्हा ते जमिनीवर स्थिर असते. आपण जमिनीला मागे रेटतो आणि स्थितिक घर्षण आपल्याला पुढे ढकलते. लांब टांग टाकली की पाय तिरका पडतो, जोर आडवा पडतो आणि पकड जास्त लागते. छोटे पाऊल टाकले तर पाय जवळपास सरळ राहतो आणि थोड्या पकडीतही भागते. मशिदीच्या वजूखान्यात किंवा घरच्या मोरीत चकचकीत फरशीवर पाणी आणि साबण असतो. पाण्याचा पातळ थर पायाचा तळवा आणि फरशी यांना नीट टेकू देत नाही आणि पकडीची मर्यादा एकदम खाली येते. बुजुर्ग मंडळी तिथेच घसरतात, आणि उतारवयात मोडलेले खुब्याचे हाड पुष्कळांना कायमचे अंथरुणाला खिळवते. म्हणून मोरीत आणि वजूच्या जागी खरखरीत फरशी, भिंतीला धरायला दांडी आणि झिजलेली चप्पल वेळीच बदलणे या तीन गोष्टींवरचा खर्च वाया जात नाही.

चाकाचे गणित आणखी मजेदार आहे. मोटारसायकल ६० च्या वेगाने धावत असते, पण टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत स्थिर असतो. तो टेकतो, क्षणभर थांबतो आणि उचलला जातो, जसे आपले पाऊल. म्हणजे धावत्या चाकालाही स्थितिक घर्षणच पुढे नेते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबवतेही तेच. ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. गाडी थांबते ती रस्त्याच्या पकडीने.

ब्रेक करकचून दाबला की चाक जागीच जाम होते आणि टायर घासत जातो. तेव्हा स्थितिक घर्षण सुटून त्याच्या जागी कमी ताकदीचे गतिक घर्षण येते. त्याहून वाईट म्हणजे घासणाऱ्या टायरवरचे घर्षण फक्त घसरण्याच्या उलट दिशेला लागते. बाजूला वळवायला पकड उरत नाही, आणि हँडल फिरवले तरी गाडी वळत नाही. एबीएस ही यंत्रणा चाक जाम होऊ लागताच ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा लावते. सेकंदात अनेकदा असे करून ती चाक फिरते ठेवते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांना ती नाही. तिथे दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब हळूहळू वाढवत लावायचे.

थोडा हिशोब करू. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड वजनाच्या साधारण ७० टक्के धरली, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. वेग ८० असेल तर ३६ मीटर लागतात. वेग दुप्पट, पण अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर पकड ४० टक्क्यांवर आली तर हेच आकडे १६ आणि ६३ मीटर होतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद लागतो. त्यात ८० च्या वेगाने आणखी २२ मीटर जातात, ते वेगळेच.

जळगाव-धुळे महामार्गाला लागून शेते आहेत. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल चाकांबरोबर डांबरावर आणतो. वरून सरी आल्या की त्या पट्ट्यावर टायर डांबराला टेकतच नाही, चिखलावर तरंगतो. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेलही असेच काम करते. अशा वेळी पुढे बसलेले मूल आणि मागे बसलेली बायको यांचे रक्षण ब्रेक करत नाही, आधीच कमी ठेवलेला वेग करतो. गुळगुळीत झालेला टायर कोरड्या रस्त्यावर धकून जातो, पण पाणी बाहेर टाकणारे खाचे त्याला उरलेले नसतात.

रस्त्यावर रबर आणि डांबर असते. रेल्वेत पोलाद आणि पोलाद. ओझे ओढायला हे उत्तम, कारण चाक फार थोड्या विरोधाने पळते. पण पकड कमी असते. कोरड्या रुळावर ती वजनाच्या जेमतेम २० ते २५ टक्के असते आणि दव, तेल किंवा पावसाने १० टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चाक घसरू लागले की नळीतून रुळावर वाळू सोडतात. भुसावळच्या घराघरात रेल्वेची नोकरी आहे, तिथल्या वाचकांना हे ठाऊक असेलच. कसारा घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावतात, कारण जास्त चाके जास्त पकड देतात.

याच कमी पकडीमुळे गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक फार जोरात लावले तर चाके जाम होऊन घासतात आणि त्यांना चपटे डाग पडतात, म्हणून ब्रेकची ताकदही मर्यादेतच ठेवलेली असते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीला आपत्कालीन ब्रेक लावल्यावरही अर्ध्या किलोमीटरहून अधिक, पुष्कळदा एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. आणि या वेगाने ती दर सेकंदाला २८ मीटर पुढे येते.

२२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ आपल्या जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत. पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे स्थानकांच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले. त्याच रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. त्या ठिकाणी रुळाला वळण असल्याचे रेल्वे अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. बारा-तेरा जीव गेले. वळणामुळे चालकाला माणसे उशिरा दिसली, तर त्याने ब्रेक लावला तरी पोलादाची पकड जितकी तितकीच. तीनशे मीटरवर दिसलेला माणूस अकरा सेकंदांत गाठला जातो. चालकाची इच्छा कितीही असो, रूळ त्याला त्याहून जास्त देऊ शकत नाही.

म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. गाडी अधेमधे थांबली तर खाली उतरू नका. डब्यात खरोखर धूर असेल तर पुढच्या डब्यात जा. उतरावेच लागले तर दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरा आणि रुळांपासून दूर व्हा. मदतीसाठी रेल्वेचा क्रमांक १३९ आहे. आणि ‘गाडी अजून लांब आहे’ म्हणून रूळ ओलांडणाऱ्या मुलांना ते २८ मीटर आठवण करून द्या.

मुलांनो, या महिन्याचा प्रयोग. एक फळी किंवा पुठ्ठ्याची वही घ्या, तिच्यावर खोडरबर ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. रबर सुटेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा, मग त्या टोकाच्या बरोबर खाली जमिनीवरचा बिंदू ते टेकलेले टोक हे अंतर मोजा. उंचीला या अंतराने भागा. येणारी संख्या म्हणजे त्या जोडीचा घर्षण गुणांक. मग रबरावर दुसरे रबर ठेवून पाहा, त्यानंतर फळी ओली करून पाहा. कोणत्या वेळी कोन बदलला, कोणत्या वेळी बदलला नाही आणि का, ते वहीत लिहा. उत्तर या लेखातच आहे.