फॉरेन्सिक सायन्स शिकलं की नोकरी नक्की?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. त्याचं चित्रीकरणही व्हायला हवं. राज्यांना याच्या अंमलबजावणीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे.

२०२६ मध्ये तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेणारा विद्यार्थी २०२९ मध्ये, म्हणजे ही मुदत संपण्याच्या सुमारास बाहेर पडेल. तेव्हा नोकऱ्या असतील का?

शिकायचं कुठे?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय गांधीनगरला असून गोव्यातही त्याचं संकुल आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने विद्यापीठाची नवी संकुलं आणि केंद्रीय प्रयोगशाळांसाठी २,२५४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

म्हणजे शिकण्याच्या जागा वाढत आहेत. पण जागा वाढणं आणि पदं भरली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोकरी कोण देतं?

महाराष्ट्रात मुख्य सरकारी संधी गृह विभागाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमध्ये आहे. कलिनाची प्रयोगशाळा त्यातलीच. विषबाधेच्या संशयात राखून ठेवलेला व्हिसेरा, मद्यपी चालकाच्या रक्ताचा नमुना, डीएनए, जप्त केलेले मोबाइल, हे सगळं इथे येतं.

मेख अशी, की इथल्या अनेक पदांसाठी रसायनशास्त्रासारख्या मूळ विज्ञान विषयांचे पदवीधरही अर्ज करू शकतात. त्यामुळे फॉरेन्सिकची पदवी असली म्हणजे जागा राखीव, असं नाही. शिवाय काही पदं कंत्राटी असतात.

आणखी एक गैरसमज म्हणजे शवविच्छेदन. ते डॉक्टर करतात. त्यात तज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकशास्त्रात एमडी करावं लागतं.

सरकारी नोकरी नाही, तर काय?

बँका, विमा कंपन्या आणि सल्लागार संस्थांना आर्थिक गैरव्यवहार व सायबर गुन्ह्यांचा छडा लावणारे लोक लागतात. डिजिटल फॉरेन्सिक शिकणाऱ्यांना इथे वाव आहे. यूजीसी-नेटमध्ये हा विषय असल्याने अध्यापनाची वाटही खुली आहे.

प्रवेशाआधी काय पाहावं?

महाविद्यालयाची स्वतःची प्रयोगशाळा आहे का, प्रशिक्षणार्थी म्हणून कुठे पाठवतात आणि अलीकडच्या सरकारी जाहिरातींत कोणती पात्रता मागितली होती, हे आधी तपासावं. पदवीला रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र भक्कम ठेवून एमएससीला फॉरेन्सिक घेतलं, तर दोन्ही दारं उघडी राहतात.

हा प्रश्न फक्त करिअरचा नाही. तज्ज्ञ कमी पडले, तर अहवाल रखडतो. अहवाल रखडला, की खटलाही रखडतो आणि तुरुंगातला आरोपी व न्यायाची वाट पाहणारं कुटुंब, दोघंही ताटकळत राहतात. कायद्याने तज्ज्ञाला घटनास्थळी बोलावलं आहे. आता त्याची नेमणूक करणं राज्य सरकारच्या हातात आहे.