तुकोबांची एक ओळ पुढे पाठवण्याआधी

आषाढी जवळ आली की मोबाइलवर तुकोबांच्या ओळी येऊ लागतात. वर एक चरण, खाली फुलांचं चित्र, आणि पाठवणाऱ्याचा ठाम सूर: महाराज सांगून गेलेत. माझी विनंती साधी आहे. ती ओळ पुढे पाठवण्याआधी अख्खा अभंग वाचा, आणि जमलं तर आजूबाजूचे आणखी दहा.

कारण तुकोबांच्या अभंगांच्या गाथेत बोलणारा माणूस एका जागी उभा नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात देहूच्या या वाण्याचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. संतांनी विचारलं म्हणून, काहीशा संकोचानं, त्यांनी यातलं बरंचसं एका अभंगात सांगितलं आहे. धंदा तोट्यात गेल्याची लाज त्यात उघड दिसते. दुसऱ्या एका अभंगात मात्र तेच दिवाळं आणि तोच दुष्काळ पुन्हा येतो, आणि तुकोबा देवाला म्हणतात, बरं झालं! एवढाच चरण उचललात तर माणूस निष्ठुर वाटेल. पहिलाच तेवढा वाचलात तर खचलेला वाटेल. दोन्ही वाचा, म्हणजे त्याच दुःखाकडे बघणारी नजर कुठून कुठे गेली ते कळतं.

देवाचंही तसंच. कधी लाडीगोडी, कधी उघड शिवीगाळ. एकदा तर आपल्यापुरता देव मेला, असंही म्हणून झालं आहे. आणि याच गाथेत सगळं जगच देवानं भरलेलं दिसतं. अभंग ज्या क्रमानं सुचले त्या क्रमानं गाथेत छापलेले नाहीत, म्हणून आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं हे ठरवायची घाई नको. दोन्ही सूर खरे, एवढं धरून चाला.

वारकरी कीर्तनकार निरूपणाला अख्खा अभंग घेतो, चरणामागून चरण सोडवत नेतो. आपण निदान तेवढा मान ठेवू या.

साडेचार हजारांच्या आसपास अभंगांची गाथा बघून छाती दडपत असेल तर तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर (1628 ते 1700) यांच्यापासून सुरुवात करा. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपलं चरित्रच अभंगांत सांगितलं आहे: तुकोबांचा ध्यास, त्यावरून ब्राह्मण नवऱ्याचा मार, मग त्याचं आजारपण, आणि शेवटी त्याच नवऱ्याबरोबर देहूला जाणं. पुढे त्यांनी पतिव्रताधर्मावरही लिहिलं. नुसते तेच अभंग वेचलेत तर बाईच्या जन्माला वेदांनी दूर का लोटलं म्हणून तळमळणारी बहिणाबाई तुम्हाला भेटणारच नाही.