बाटलीची सही

जुन्या वाइनच्या तज्ज्ञांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी वाइन पीत नाही म्हणून नव्हे. तेच पीत नाहीत म्हणून! बूच काढलं की माल विकायच्या लायकीचा उरत नाही. तेव्हा बाटली उजेडात धरायची, पातळी बघायची, गंभीरपणे मान हलवायची. याला म्हणायचं मूल्यमापन.

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात १७८७ सालची शातो लाफीतची एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली. काचेवर ‘टीएच. जे.’ अशी अक्षरं कोरलेली. म्हणजे म्हणे थॉमस जेफरसन, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष! तज्ज्ञांनी काच पाहिली, अक्षरांचं वळण पाहिलं आणि अठराव्या शतकाचा दाखला देऊन टाकला. विकणारा जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक म्हणाला, पॅरिसमधल्या एका बुजवलेल्या तळघरात सापडली. कुठल्या गल्लीत? ते सांगणार नाही. अहो, साधं बचत खातं उघडायला आलेल्या म्हातारीकडे आम्ही पत्त्याचा पुरावा मागतो!

बरं, जेफरसन पडला पिंडाने कारकून. खर्चाची पै न् पै लिहून ठेवणारा. त्याच्या माँटिचेलोच्या घरातल्या संशोधकांनी वह्या चाळल्या, तर या बाटल्यांची नोंदच नाही. शिवाय सही करताना हा गृहस्थ ‘टीएच’पुढे दोन टिंबं द्यायचा, आपल्या विसर्गासारखी. बाटलीवर एकच. माझ्या काउंटरवर हा चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून परत गेला असता, आणि त्यासाठी मला काही हुंगावं लागलं नसतं.

पण वहीवाल्यांचं ऐकतो कोण? १९८८ मध्ये बिल कोक या अमेरिकन धनाढ्याने अशाच चार बाटल्या सुमारे पाच लाख डॉलर मोजून घेतल्या. २००५ मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयाने प्रदर्शनासाठी कागदपत्रं मागितली, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली. बाटली न उघडता आत किरणोत्सर्गी सीझियम आहे का ते पाहिलं. नव्हतं. म्हणजे वाइन अणुबाँबच्या आधीची. झालं, १७८७ पासून १९४५ पर्यंत कुठलंही साल टाका! शेवटी कोरीवकाम तपासणाऱ्यांनी निकाल दिला की अक्षरं विजेच्या हत्याराने कोरली आहेत, दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या. रोडेनस्टॉक आरोप नाकारत राहिला आणि २०१८ मध्ये वारला.

आणि ती लाखाची बाटली? ती घेणाऱ्या फोर्ब्ज मंडळींनी ती कौतुकाने दिव्याखाली मांडली. उष्णतेने बूच आक्रसलं आणि आत पडलं. उघडायची ती उघडलीच, जवळ एकही तज्ज्ञ नसताना.