कीड गेली, घडी केव्हा बसणार?

संगणकात शिरलेला विषाणू काढून टाकला की काम संपले, असा समज आपल्या बेटावरील पुष्कळ घरांत आणि लहानसहान कचेऱ्यांत रुजलेला दिसतो. आम्हांस तो समज मुळातच चुकीचा वाटतो. वाळवी मारली म्हणून पोखरलेली चौकट भरून येत नाही. गेल्या काही वर्षांत या आखातावर आणि आपल्या मूळ प्रांतावर जे प्रसंग ओढवले ते नीट तपासले, तर हल्ल्यापेक्षा हल्ल्यानंतरची उभारणीच अधिक वेळ, पैसा आणि मनस्ताप खाते, हे कोणाच्याही ध्यानी येईल.

प्रथम शेजारचे उदाहरण. १५ ऑगस्ट २०१२ रोजी, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, पुलापलीकडच्या सौदी अरामको कंपनीवर 'शमून' नावाचा विषाणू सोडण्यात आला आणि सुमारे ३० हजार संगणक निकामी झाले. तेल वाहतच राहिले, पण कचेरीचे काम कागदावर आले. त्यानंतर सात वर्षांनी पाळी आपल्या बेटाची आली. २९ डिसेंबर २०१९ रोजी 'डस्टमन' नावाच्या त्याच जातीच्या विषाणूने हल्ला केला. सौदी सरकारच्या सायबर सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर जो तांत्रिक अहवाल काढला त्यात बळी पडलेल्या कंपनीचे नाव नव्हते. ती कंपनी म्हणजे बहरीनची बापको, हे जानेवारी २०२० मध्ये वृत्तांतून बाहेर आले. उत्पादन थांबले नाही, एवढे समाधान.

या अहवालातील तपशील मोठा बोलका आहे. हल्लेखोर बाहेरून कचेरीत जोडणी देणाऱ्या यंत्रणेतील एका उणिवेतून शिरले, त्यांनी सर्वाधिकार हाती घेतले, आणि मग विषाणू सर्वत्र पोहोचवला तो कशाच्या द्वारे? तर विषाणूप्रतिबंधक प्रणालीच्याच वाटप-व्यवस्थेतून! पहारेकऱ्याच्या हातूनच चोराने किल्ल्या वाटून घ्याव्यात, तसा हा प्रकार. काही संगणक त्या रात्री निद्रावस्थेत होते म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी ते चालू होताच धोक्याची सूचना मिळाली आणि झाल्या प्रकाराचा नमुना हाती लागला. सावधगिरीने जे साधले नाही ते योगायोगाने साधले.

योगायोगाचे याहून मोठे उदाहरण आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराशी जोडलेले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला. डेन्मार्कची मर्स्क कंपनी त्यात पुरती सापडली आणि तिच्याच समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवीत असलेला जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल बंद पडला. हीच एपीएम टर्मिनल्स कंपनी हिद्द येथील आपले खलिफा बिन सलमान बंदरही चालवते, हे वाचकांस ठाऊक असेलच. आपल्या घरी येणारा तांदूळ, मसाला आणि फ्रीज ज्या साखळीतून येतो, तिचीच ही कडी होती.

मर्स्कचे तंत्रज्ञ कामाला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की निरनिराळ्या सर्व्हरांच्या प्रती शिल्लक आहेत, परंतु कोणाला कुठे प्रवेश द्यायचा याची जी मूळ नोंदवही, तिची प्रत कोठेच नाही. ती नोंदवही सुमारे १५० यंत्रांवर एकाच वेळी ठेवलेली होती आणि ती यंत्रे एकमेकांची प्रत म्हणून पुरेशी आहेत असे धरले गेले होते. विषाणूने सर्वांनाच एकदम गाठले. वाचले ते फक्त एक, घानामधले. कारण हल्ल्याच्या आधी तेथे वीज गेली होती! तेथून ती माहिती तारेवरून पाठवायला फार काळ लागला असता, आणि तेथील कोणा कर्मचाऱ्याजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक माणूस डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, दुसऱ्याने ती तेथून लंडनला नेली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले, की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर. व्हिसाच्या अडचणी आम्हां आखातवासीयांस नव्या नाहीत, पण जगातल्या एवढ्या बलाढ्य कंपनीचे नशीब त्यावर अडावे, याची मात्र गंमत वाटते.

आता कोणी म्हणेल, या मोठ्यांच्या गोष्टी. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. मोठ्या कंपनीजवळ माणसे असतात, पैसा असतो. मनामातल्या एखाद्या व्यापारी पेढीत टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या आपल्या मराठी माणसाजवळ काय असते? १ जानेवारी २०१९ पासून येथे व्हॅट आला, २०२२ पासून तो १० टक्के झाला, आणि विवरणपत्र वेळेवर भरायचे तर मागचा हिशेब शाबूत हवा. तो गेला तर मालकासमोर उभे कोणाला राहावे लागते, आणि त्या माणसाचा येथला परवाना कोणाच्या सहीवर असतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणून या विषयाची तांत्रिक बाजू थोडी खोलात जाऊन सांगतो.

विषाणू काढल्यावरही संगणक का अडतो? बहुतेक विषाणू आपल्या सोयीसाठी यंत्रणेच्या मांडणीत फेरफार करतात. इंटरनेटची वाट ते स्वतःच्या मध्यस्थाकडून वळवतात. मग विषाणू जातो, मध्यस्थ नाहीसा होतो, पण वाट तिकडेच वळलेली राहते. घरचा माणूस मात्र 'इंटरनेट बंद पडले' म्हणून बटेल्कोला फोन लावतो. अशा वेळी प्रथम प्रॉक्सी आणि डीएनएस यांच्या नोंदी पाहाव्यात, तसेच होस्ट्स नावाची फाइल उघडून तीत परक्या ओळी आहेत का ते बघावे. कधी कोणताही प्रोग्राम उघडेनासा होतो, कारण तो कशाने उघडायचा ही नोंदच रजिस्ट्रीत बदललेली असते. विंडोजच्या मूळ फायली बिघडल्या असतील तर डिसम आणि सिस्टिम फाइल चेकर ही दोन साधने विंडोजमध्येच असतात. क्रम मात्र पाळावा: आधी डिसम, मग चेकर. कारण चेकर ज्या कोठारातून चांगल्या फायली आणतो, ते कोठार दुरुस्त करण्याचे काम डिसमचे. कोठारच सडके असेल तर चेकर काय आणणार?

'सिस्टिम रिस्टोअर'वर लोकांचा भलताच विश्वास. खंडणीखोर विषाणू सर्वप्रथम या जुन्या प्रतीच पुसून टाकतात, त्यामुळे यादी रिकामी दिसते. आणि प्रती उरल्याच तर त्यांत कीडही जपून ठेवलेली असू शकते. ती परत आणली की ये रे माझ्या मागल्या. संगणक साफ झाल्याची खात्री पटल्यावर जुन्या प्रती काढून एक नवी करावी, हे बरे.

यानेही भागत नसेल तर यंत्रणा नव्याने घालणे हाच मार्ग. आमचे मत विचाराल तर, बँकेचे व्यवहार ज्या संगणकावरून होतात तेथे हा मार्ग शेवटी नव्हे, आधी धरावा. विंडोजमधील 'रीसेट' डिस्कवरच्या फायलींतून करता येते किंवा इंटरनेटवरून नवी प्रत उतरवून करता येते. पहिले अर्ध्यात फसले तर दुसरे करून पाहावे; त्यास काही जीबी डेटा लागतो एवढेच. पण त्याआधी एक गोष्ट. अलीकडच्या लॅपटॉपांत डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती प्रायः मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण खाते कोणाच्या नावाचे? लॅपटॉप मुलाने चालू करून दिला, तो आता पुण्यात शिकतो, आणि त्याचा तो जुना ईमेल केव्हाच बंद झाला, ही गोष्ट आपल्याकडे दुर्मीळ नाही. किल्ली आजच कागदावर उतरवून पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवावी. ती हरवली तर आतला मजकूर कोणताही दुरुस्तीवाला परत देऊ शकत नाही.

दुरुस्तीवाल्यांचा विषय निघालाच आहे. पाच-सहा दिनारांत 'फॉरमॅट मारून' देणारा पुष्कळदा चोरटी विंडोज घालतो आणि ती चालावी म्हणून जो छोटा प्रोग्राम चिकटवतो, तोच कधीकधी नव्या विषाणूचे घर असतो. परवाना लॅपटॉपसोबत आपण आधीच विकत घेतलेला असतो. चोरटी प्रत घालून घेण्याचे कारणच काय?

खंडणीखोराने फायलींना कुलूप घातले असेल तर त्या संतापाने पुसू नयेत. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. कित्येक विषाणूंच्या किल्ल्या तेथे फुकट मिळतात, आणि ज्या आज नाहीत त्या पुढे येऊ शकतात. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवणाऱ्यांस मात्र कोणी वाचवू शकत नाही. संगणकाबरोबर तीही कुलूपबंद होते. घानाच्या यंत्राचा प्लग नियतीने काढला, आपला आपण काढावा.

सारे सुरळीत झाल्यावर पासवर्ड बदलायचे, ते दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून. ईमेलचा आधी, मग बँकेचे, मग बेनिफिट पे. आणि ज्यांच्या घरी अजून विंडोज १० चालते त्यांच्यासाठी इतकेच, की त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. त्यानंतरची मुदतवाढ वेगळी घ्यावी लागते. ती न घेतलेला संगणक कितीही स्वच्छ केला तरी ज्या भोकातून कीड शिरली ते उघडेच राहते. अशा संगणकावर जुने फोटो पाहावेत, गाणी ऐकावीत. इंटरनेटची तार मात्र काढून ठेवावी.