चिठ्ठीत काय लिहायचं राहिलं?

मुलांनो, आज आधी एक कबुली देते. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. "बाईंची चूक? ती कशी?" असं म्हणाल. अहो, बाईसुद्धा चुकतात!

त्याचं असं झालं. आमच्या चौथीच्या वर्गाचं हस्तलिखित चाललं होतं. एका मुलीनं वहीत पेन्सिलीनं गोष्ट लिहून आणली. हरवलेल्या शेळीची गोष्ट होती ती. शेवटी शेळी सापडत नाही, पण रात्री लांबून तिची घंटा ऐकू येते. गोष्ट फार छान, पण अक्षर अगदी गिचमिड! मग मी ती वही सुंदर अक्षराच्या एका मुलाला दिली आणि आत चिठ्ठी ठेवली, 'गोष्ट नीट करून आण.'

दुसऱ्या दिवशी वही आली. मोत्यासारखं अक्षर! पण त्यानं मूळ गोष्ट खोडरबरानं पुसून त्याच पानांवर लिहिलं होतं. शिवाय शेवटही बदलला होता. त्याच्या गोष्टीत शेळी घरी आली होती. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, माझी गोष्ट कुठाय?" आणि मुलगा म्हणाला, "बाई, तुम्हीच लिहिलं होतं ना, नीट कर म्हणून?"

खरंच की! वेगळ्या पानावर लिही, मूळ पान पुसू नकोस, शेवट बदलू नकोस, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. त्यानं आपल्या मनानं अर्थ लावला. मी त्या मुलीची माफी मागितली. तिनं गोष्ट पुन्हा लिहिली. पण ती म्हणते, पहिल्यासारखी नाही झाली.

आता तुम्हांला एक गंमत सांगते. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनाही हीच काळजी असते. प्रोग्रॅमच्या लिखाणाला 'कोड' म्हणतात. एकाच कोडवर कितीतरी जण काम करतात. एकानं दुसऱ्याचं पुसलं तर? यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. लिनक्स ही संगणकप्रणाली त्यांनीच सुरू केली होती आणि तिच्या कामासाठी त्यांना तो हवा होता. गिटमध्ये कोडचं सगळं भांडार, म्हणजे 'रिपॉझिटरी', जुन्या नोंदींसकट जपलेलं असतं. काही नवीन करून पाहायचं असेल तर मूळ लिखाणाला हात न लावता एक फांदी काढायची. तिला 'ब्रँच' म्हणतात. फांदीवर हवं ते करा, खोडाला धक्का नाही.

तुम्हांला वाटेल, फांदी काढायची म्हणजे सगळी वही पुन्हा उतरवून काढायची! मुळीच नाही. प्रत्येक नोंदीला एक लांबलचक क्रमांक असतो. फांदी म्हणजे त्यातल्या एका नोंदीवर ठेवलेली नाव लिहिलेली खूण. 'इथून पुढचं माझं वेगळं' एवढंच ती सांगते. म्हणून फांदी क्षणात निघते.

आजकाल ही फांदी माणसंच काढतात असं नाही, 'एआय एजंट'सुद्धा काढतात. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, की ज्याला काम सांगितलं की पुढच्या पायऱ्या तो स्वतः ठरवतो. पण त्याला हात कुठे आहेत? म्हणून त्याला 'टूल' द्यावी लागतात. टूल म्हणजे अवजार. ती कशी जोडायची याची 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. कोड ठेवण्याची प्रसिद्ध जागा म्हणजे 'गिटहब'. तिनं या पद्धतीची जी टूल दिली आहेत, त्यांत फांदी काढण्याचंही एक आहे. त्याचं नाव 'क्रिएट ब्रँच'.

आता गंमत अशी, की प्रत्येक टूलबरोबर एक माहितीची चिठ्ठी असते. हे टूल काय करतं आणि त्याला काय काय सांगावं लागतं, ते एजंट त्या चिठ्ठीवरूनच ओळखतो. 'क्रिएट ब्रँच'ला चार गोष्टी सांगता येतात :

१. भांडार कुणाचं?
२. भांडाराचं नाव काय?
३. नव्या फांदीचं नाव काय?
४. ती कुठल्या फांदीपासून काढायची?

पहिल्या तीन सांगाव्याच लागतात. चौथी नाही सांगितली तरी चालते. मग फांदी भांडाराच्या ठरलेल्या मुख्य शाखेपासून निघते. हे 'नाही सांगितलं तर काय' चिठ्ठीत लिहिणं फार महत्त्वाचं! नाहीतर एजंटाला वाटायचं, फांदी कालच्या कामापासून निघाली, आणि ती निघायची भलतीकडूनच. त्या नावाची फांदी आधीच असेल तर नवी निघत नाही, चूक झाल्याचा निरोप येतो. तेही लिहिलेलं बरं. आणि एक : या टूलनं फक्त फांदी निघते. तिच्यावरचं काम मुख्य शाखेत मिसळणं हे वेगळं काम आहे. ते करण्याआधी माणसानं ते तपासावं हे उत्तम.

पाहिलंत? माझ्या चिठ्ठीत यातलं काय होतं? वही कुणाची, ते नाही. नवीन पान कुठे, ते नाही. काय बदलायचं नाही, तेही नाही. एजंट काय आणि चौथीतला मुलगा काय, चिठ्ठीत जे नसतं ते दोघंही अंदाजानं भरतात.

आता या आठवड्याचा उपक्रम. लिंबाचं सरबत कसं करायचं ते एका चिठ्ठीवर लिहा आणि घरात कुणाला तरी द्या. तोंडानं एक शब्दही सांगायचा नाही हं! आईबाबांनो, तुम्ही लिहिल्याबरहुकूमच वागा. 'साखर घाला' एवढंच लिहिलं असेल तर चिमूटभर घाला, नाहीतर वाटीभर घाला! मग चिठ्ठी पुन्हा लिहायला सांगा. मात्र पहिली फाडायची नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहायच्या.

आमच्या हस्तलिखितात त्या शेळीच्या दोन्ही गोष्टी घेतल्या आहेत, समोरासमोरच्या पानांवर. घंटेची डावीकडे, आणि शेळी घरी येते ती उजवीकडे. दोघांचीही नावं खाली आहेत.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या,
बाई