टाळ्या तीन, तुकडे दोन

सिडनीत वूलूमूलू नावाचा एक भाग आहे. इंग्रजीत हे नाव लिहायला १३ अक्षरं लागतात आणि त्यातले ८ तर नुसते ‘ओ’! मराठीत चार अक्षरांत काम होतं: वू, लू, मू, लू. इथल्या शाळांत मुलं लहानपणीच असे शब्द टाळ्या वाजवून तोडतात. एका तुकड्याला एक टाळी.

मला ही पद्धत आवडते. आम्ही मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलो. स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून ‘वेड-नेस-डे’ असं घोकायचो. लिहिताना त्याचा उपयोग व्हायचा, पण बोलतानाही तोंडातून तेच निघायचं आणि हसं व्हायचं. टाळ्या वाजवणारी मुलं निदान शब्द कानाने तोडतात.

पण टाळ्यांवरच थांबू नये, असं माझं मत आहे.

‘हेलिकॉप्टर’ घ्या. टाळ्या चार: हे-लि-कॉप-टर. अर्थाचे तुकडे मात्र दोनच. ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असं वाटतं ना? तसं नाही. ‘हेलिको’ आणि ‘प्टर’! मूळ ग्रीक शब्दांत पहिला म्हणजे पीळ, दुसरा म्हणजे पंख. गोल फिरणारे पंख. कितीही टाळ्या वाजवल्या तरी हे कळणार नाही.

मराठीतही तसंच आहे. आपण म्हणतो हि-मा-लय. अर्थ लावताना मात्र हिम आणि आलय, म्हणजे बर्फाचं घर. सांधा ‘मा’च्या पोटात लपलेला असतो.

न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांत २०२१ पासून इयर वनच्या सगळ्या मुलांची फोनिक्स तपासणी होते. मूल ४० शब्द वाचतं. त्यातले निम्मे मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले असतात. ध्वनी जुळवता येतात का, एवढंच तिथे बघायचं असतं आणि त्या वयाला ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. मूल ‘फोटोसिंथेसिस’ धडाधड वाचतं, आपण पालक खूश होतो. अर्थ विचारला की मूल गप्प! फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे जोडून नवं काही बनवणं. मराठीत तर ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दात प्रकाश समोरच दिसतो.

मराठी शिकल्याने मुलांचं इंग्रजी कच्चं राहील, अशी भीती काही पालकांना वाटते. मला उलट वाटतं. हिमालय फोडता येणारं मूल हेलिकॉप्टरही फोडून बघेल.

पुढच्या वर्गात मी मुलांना ‘विद्यालय’ देणार आहे. टाळ्या तीन, तुकडे दोन. तुम्ही घरी आधीच फोडून ठेवा, पण उत्तर सांगू नका.