कॅमेरा घेताना : गरज की हौस?

निवृत्तीनंतर वेळ हाती आला की छायाचित्रणाची जुनी हौस जागी होते. दुकानदार लेन्स बदलता येणारा, आटोपशीर ‘मिररलेस’ कॅमेरा पुढे करतो आणि मुदत ठेव मोडण्याचा विचार मनात डोकावतो. अशा वेळी क्षणभर थांबावे.

२००८ साली आलेल्या पॅनासॉनिकच्या ‘ल्युमिक्स जी१’ने या प्रकाराला चालना दिली. आतील आरसा गेल्याने कॅमेऱ्याचे आकारमान घटले. मात्र दृश्य सतत इलेक्ट्रॉनिक पडद्यावर पाहावे लागत असल्याने बॅटरी लवकर संपते.

माझ्या मते खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नसून लेन्सचा आहे. दूरचा पक्षी टिपणारी लेन्स कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग व जड असते. आटोपशीरपणा तेथेच संपतो. लेन्सची जोडणीही बहुधा कंपनीगणिक भिन्न असते. त्यामुळे पहिली निवड आपल्याला वर्षानुवर्षे बांधून ठेवते. शिवाय पावसाळी दमटपणात भिंगांना बुरशीपासून जपावे लागते.

म्हणून खरेदीपूर्वी स्वतःस विचारावे : गेल्या वर्षभरात मोबाईलने न साधलेली छायाचित्रे कोणती? मंद प्रकाशातील नाट्यप्रयोग, धावणारी नात, झाडावरचा धनेश अशी यादी झाली, तर कॅमेरा निःसंकोच घ्यावा. हौसेलाही मोल असते. परंतु एकच लेन्स कायम लावून ठेवायची असेल, तर ती बदलण्याच्या सोयीचे दाम कशाला मोजावेत? साधा कॅमेराही पुरेल. आणि यादी कोरीच राहिली, तर ठेव मोडू नये, हेच श्रेयस्कर.